सणाची तारीख आणि भिंतीची ओल

भिलाईच्या पोलाद कारखान्यात लोहखनिज आणि कोक यांच्या जोडीला चुनखडीही लागते. झोतभट्टीच्या उष्णतेत खनिजातील वाळूसारखी अशुद्ध द्रव्ये चुन्याशी संयोग पावतात, धातुमळीच्या रूपाने वर तरंगतात आणि तळाशी कच्चे लोखंड साचते. याच कामासाठी भिलाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर नंदिनी येथे चुनखडीची खाण विकसित करण्यात आली. त्याच जातीचा दगड साध्या भट्टीत भाजला, पाण्यात विरवला आणि कुंच्याने भिंतीवर चढवला, की त्याची सफेदी होते. दिवाळी जवळ आली म्हणजे कारखान्याच्या वसाहतीला आणि भोवतालच्या खेड्यांना दगडाच्या या दुसऱ्या उपयोगाची आठवण होते. अलीकडे मात्र चुन्याची जागा सिमेंट, पुट्टी आणि डब्यातील रंग यांनी घेतली आहे, आणि घरदुरुस्तीचे सारे गणित त्यामुळे बदलले आहे. हा बदल पुष्कळांच्या लक्षात येतो तो दिवाळी उलटून गेल्यावर, रंगाचे पापुद्रे सुटू लागतात तेव्हा.

भिलाईची वसाहत कारखान्याबरोबरच वाढली. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. नागपूर-रायपूर लोहमार्गही याच जिल्ह्यातून जातो. विदर्भातली मराठी कुटुंबे येथे आली ती फार दूरवरून आली असे म्हणता येणार नाही. बंगाली, ओडिया, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि बिहारी कुटुंबे त्यांच्या शेजारी राहू लागली. परिणामी सणांचा काळ येथे लांबलचक असतो. १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मापूजेला यंत्रे पुसूनपासून घेतली जातात. त्यानंतर दुर्गापूजा, दसरा, दिवाळी आणि छठ अशी रांग लागते. घराची डागडुजी या रांगेत कुठेतरी बसवायची असते, आणि बहुतेक घरांत ती दसरा ते वसुबारस या दोन-अडीच आठवड्यांत बसवली जाते.

याला पैशाचेही एक कारण आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा असे ठरवून दिले. वर्ष मार्चअखेर संपत असल्याने ही मुदत नोव्हेंबरअखेर भरते. साहजिकच कारखान्यांच्या गावांत ही रक्कम सणाच्या तोंडावर हाती पडते. जे काम एरवी वर्षभर पुढे ढकलले जाते, त्याला त्या वेळी पैसा मिळतो. मात्र त्याला लागणारे दिवस पैशाबरोबर येत नाहीत.

मोसमी पाऊस या प्रदेशातून साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास माघार घेतो. दिवाळी मात्र चांद्रमासाने येते, त्यामुळे तिची इंग्रजी तारीख पुढेमागे सरकते. २०१७ साली लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, तर अधिक महिना आलेल्या २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. उशिरा येणाऱ्या दिवाळीत भिंतींना पावसानंतर तीन-चार आठवड्यांचे ऊन आणि वारा मिळतो. लवकर येणाऱ्या दिवाळीत कधीकधी आठवडाही मिळत नाही. तरी दोन्ही वर्षी घराघरांत कामाची यादी तीच असते. यादी करण्यापूर्वी पंचांगात अधिक महिना पाहण्याची सवय असती, तर पुष्कळ रंग वाया जाण्यापासून वाचला असता.

चुन्याला लवकर येणाऱ्या दिवाळीचा त्रास का होत नसे, हे समजून घेण्यासाठी त्याच्या घडणीकडे पाहावे लागते. शंभर किलो शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली, तर तिच्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतताच तो फुसफुसतो, तापतो, फुगतो आणि १८ किलो पाणी स्वतःत सामावून घेऊन विरतो. हा विरलेला चुना कापडातून गाळून, त्यात थोडा डिंक किंवा पेज आणि पांढरेपणा खुलवण्यासाठी चिमूटभर नीळ मिसळून भिंतीवर लावतात. लावताना तो पाण्यासारखा, जवळजवळ पारदर्शक दिसतो. नवख्या माणसाला वाटते की हात फारच पातळ गेला, आणि तो वर आणखी जाड थर चढवतो. वाळता वाळता पांढरेपणा उमटतो. नंतरच्या दिवसांत हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषला जातो, मघाचे पाणी सुटून जाते आणि भिंतीवर पुन्हा चुनखडीच तयार होते. भट्टीने जे ४४ किलो हिरावून घेतले होते, ते हवा परत देते.

या परतीच्या प्रवासाला ओलावा लागतो. अगदी कोरड्या भिंतीवर लावलेला चुना आपले पाणी चटकन गमावतो, नीट धरत नाही आणि भुकटी होऊन कपड्यांना लागतो. म्हणूनच जुने रंगारी आधी भिंतीवर पाणी मारीत. पावसाळ्याने दमट झालेली भिंत चुन्याला अडचणीची तर नव्हतीच, उलट सोयीची होती. शिवाय चुन्याचा थर सच्छिद्र असतो. आतली ओल त्यातून बाहेर पडू शकते, आणि त्याच्या तीव्र क्षारतेमुळे पावसाळ्यात धरलेली बुरशीही मरते. दिवाळीपूर्वी घर पांढरे करण्याची रूढी केवळ शोभेची नव्हती. त्या ऋतूतील भिंतीला मानवणारा तो उपचार होता.

भिलाईभोवतालच्या गावांत याहून साधा उपाय आहे. तेथे मातीच्या भिंतींना छुही नावाची पांढरी माती पाण्यात कालवून लावतात आणि जमीन शेणाने सारवतात. छत्तीसगढी लोक दिवाळीला देवारी म्हणतात, आणि देवारीआधी घराला छुही लागली नाही तर घर सणाला तयार झाले असे कोणी मानत नाही. छुहीत चुन्यासारखी रासायनिक क्रिया होत नाही. ती नुसती वाळते आणि पुढच्या पावसात बरीचशी धुऊन जाते. ती दरवर्षी लावायची असते हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते.

सिमेंटचा स्वभाव निराळा आहे. त्याला घट्ट होण्यासाठी पाणी लागते आणि नंतर ते उरलेले पाणी सोडून देण्यासाठी वेळ लागतो. योगायोग असा की येथेही कारखाना आडून आला आहे: झोतभट्टीतील धातुमळी पाण्याच्या माऱ्याने एकदम थंड केली, की तिचे वाळूसारखे कण होतात आणि ते दळून सिमेंटमध्ये मिसळतात. भिलाईशेजारच्या जामूल येथील सिमेंट कारखान्याने याच मळीचा उपयोग केला. मळीचे सिमेंट टिकाऊ असते, पण सुरुवातीला त्याची ताकद सावकाश वाढते आणि त्याला पाणीही अधिक दिवस मारावे लागते. साध्या सिमेंटच्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे, मळीच्या सिमेंटवर दहा ते चौदा दिवस मारणे श्रेयस्कर, असा बांधकामातील संकेत आहे. त्यानंतर रंग लावण्यापूर्वी भिंत सुकायला सुमारे चार आठवडे द्यावेत.

आता २०२२ सालचा हिशेब मांडून पाहावा. दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि वसुबारस २१ ऑक्टोबरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुना गिलावा फोडला आणि दोन दिवसांत नवा केला असे धरले, तर पाणी मारण्याचे किमान सात दिवस १४ तारखेला संपतात, आणि सुकण्यासाठी अवघा एक आठवडा उरतो. लागणार होते चार. पुट्टीचे दोन हात आणि त्यांची घासणी याच आठवड्यात उरकायची. कोणताही कुशल कारागीर हे गणित सोडवू शकत नाही, कारण त्यात कौशल्याचा प्रश्नच नाही. पाणी मारण्यात काटकसर केली तर गिलावा ठिसूळ राहतो व त्याला भेगा पडतात. सुकण्यात काटकसर केली तर आत कोंडलेले पाणी रंगाला फोड आणते. पाण्याबरोबर विटांतील आणि सिमेंटमधील क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरा लोणा लागतो तो वेगळाच. वर्षातून एकदा हाती येणारी रक्कम अशा रीतीने मकरसंक्रांतीपर्यंत जमिनीवर चुऱ्याच्या रूपाने पडलेली दिसते.

ओल नव्या गिलाव्याचीच असेल तर ती निदान संपणारी असते. जी पावसाळ्यात छतातून, कठड्याच्या भेगेतून किंवा न्हाणीघरातल्या नळातून झिरपते, ती रंगाने झाकता येते पण थांबवता येत नाही. चुनाही ती थांबवीत नसे. तो फक्त तिला वाट देई. ओल कोठून येते हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. प्लास्टिकच्या जाड कागदाचा हातभर तुकडा चारही कडांनी भिंतीवर घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब कागदाच्या भिंतीकडील बाजूस जमले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले तर खोलीतील दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे. पहिल्या प्रकारात रंगाचा डबा उघडण्यापूर्वी गच्चीवर चढणे भाग असते. दुसऱ्या प्रकारात खिडकी उघडी ठेवली तरी पुष्कळ काम होते.

वसाहतीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांची अडचण येथे खरी सुरू होते. खोलीची आतली बाजू रहिवाशाच्या हातात असते. छत, बाहेरील भिंत आणि पाण्याचे नळ कारखान्याच्या नगर व्यवस्थेकडे असतात. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावरील न्हाणीघर दुसऱ्याच कुटुंबाचे असते. काही घरे पुढे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने रहिवाशांकडे गेली, परंतु एका छताखालच्या चार घरांचे छत एकच राहिले. जे आपल्या हातात आहे त्यावरच माणूस खर्च करतो, म्हणून आतली भिंत दरवर्षी रंगते आणि गच्चीची भेग दरवर्षी थोडी रुंदावते. शेजाऱ्यांनी मिळून तक्रार करणे आणि ती पावसाळ्यातच, गळती डोळ्यांना दिसत असताना करणे, हा रंगाच्या डब्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. तो सणाच्या उत्साहात सुचत नाही इतकेच.

गच्चीच्या कामाचा ऋतू उन्हाळ्याचा. भिलाईचा मे महिना अत्यंत कडक असतो, म्हणून भेगा भरल्यावर व उतार दुरुस्त केल्यावर त्यावर ओली पोती अंथरून ती सतत भिजत ठेवावी लागतात, नाहीतर सिमेंट तडकते. काम झाल्यावर गच्चीवर आळे करून त्यात दोन दिवस पाणी साठवून पाहावे आणि खालच्या छतावर डाग उमटतो का ते तपासावे. त्यामुळे जूनचा पाऊस परीक्षक म्हणून येतो, आणि ऑक्टोबरपर्यंत दुरुस्ती टिकली की नाही हे कळून चुकलेले असते. दिवाळीच्या पंधरवड्यासाठी मग फक्त झाडझूड, दारे-खिडक्यांची डागडुजी आणि सुक्या भिंतीवरील रंगाचा हात एवढेच उरते.

घाईचा आणखी एक धोका असा की ती माणसांना बेसावध करते. चुना विरवताना उडालेला शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे जावे. ओला कुंचा विजेच्या बटणांजवळ नेण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. जुन्या क्वार्टरच्या दारे-खिडक्यांवर तेलरंगाचे थरावर थर असतात. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ मुलांच्या हातांतून तोंडात जाते, आणि शिशाने वाढत्या मेंदूला होणारी हानी भरून येत नाही. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दार नुसते धुऊन पुसून चालण्यासारखे असेल तर ते त्या वर्षी तसेच राहू द्यावे.

राहता राहिला प्रश्न कारागिरांचा. दसऱ्यानंतरच्या दोन आठवड्यांत साऱ्या शहराला एकाच वेळी रंगारी हवा असतो. मजुरी वाढते आणि एक कारागीर तीन घरांत अर्धे-अर्धे काम धरतो. यांतील पुष्कळ जण आसपासच्या गावांतून येतात. देवारी दोन-तीन दिवसांवर आली की ते आपापल्या गावी परततात, कारण तेथे त्यांच्या स्वतःच्या भिंतींना छुही लागायची असते. क्वार्टरमधील जी भिंत तोवर सुकलेली नसते, तिच्यावर घाईने शेवटचा हात फिरवून घेण्यापेक्षा ती तशीच, गिलाव्याच्या करड्या रंगात ठेवणे बरे. तिच्यापुढे रांगोळी काढता येते आणि पणत्याही लावता येतात. तुळशीचे लग्न आटोपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की रंगारी मोकळा असतो, हवा कोरडी झालेली असते, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हीच भिंत रंग घ्यायला तयार होते.