बँकेत क्लार्कचा ऑफिसर कसा होतो? परीक्षा, गोपनीय अहवाल आणि बदलीचे गणित समजून घ्या

सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलेल्या माणसाला घरचे दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न हमखास विचारतात, "ऑफिसर कधी होणार?" प्रश्न सोपा वाटतो. उत्तरात मात्र परीक्षा येते, साहेबांचा शेरा येतो आणि सगळ्यात अवघड म्हणजे बदली येते. त्यामुळे प्रमोशनची नोटीस निघाल्यावर धावपळ करणारे मागे पडतात. तयारी खरं तर त्याच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी.

प्रमोशनचे मार्ग कोणते?

मार्च २०२४ मध्ये झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारानंतर क्लार्कला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हटलं जातं. त्यापुढची पायरी म्हणजे स्केल १ अधिकारी. तिथून स्केल ७ म्हणजे महाव्यवस्थापकापर्यंत शिडी जाते.

क्लार्कमधून अधिकारी होण्यासाठी बहुतेक बँकांत दोन वाटा असतात. एक ज्येष्ठतेची, म्हणजे ठरावीक वर्षं सेवा झालेल्यांसाठी. दुसरी गुणवत्तेची किंवा 'फास्ट ट्रॅक', म्हणजे कमी सेवेतही लेखी परीक्षेच्या जोरावर पुढे जाण्याची. किती वर्षांची सेवा लागते, परीक्षेला किती गुण आणि मुलाखतीला किती, हे प्रत्येक बँकेचं धोरण ठरवतं आणि ते बदलतही राहतं. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या बँकेचं प्रमोशनचं ताजं परिपत्रक शोधून वाचणं. ऐकीव माहितीवर विसंबल्यामुळे अनेकांची एखादी संधी हातची जाते.

जेएआयआयबी, सीएआयआयबीचा फायदा काय?

या परीक्षा 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स' ही १९२८ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली संस्था घेते. संस्थेचं सभासदत्व घेतलेल्या बँक कर्मचाऱ्यालाच त्या देता येतात.

जेएआयआयबीला चार पेपर असतात: भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तीय व्यवस्था, बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार, लेखांकन आणि वित्तीय व्यवस्थापन, आणि रिटेल बँकिंग. प्रत्येक पेपर १०० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ५० गुण लागतात. ती झाल्यावर सीएआयआयबी देता येते. तिथे चार सक्तीचे पेपर आणि एक ऐच्छिक असतो.

यातला पहिला फायदा थेट पगारात दिसतो. क्लार्कला जेएआयआयबीनंतर एक आणि सीएआयआयबीनंतर आणखी दोन वेतनवाढी मिळतात. दुसरा फायदा असा की, अनेक बँका प्रमोशनच्या वेळी या परीक्षांना महत्त्व देतात. तिसरा फायदा कागदावर दिसत नाही. काउंटरवर बसून रोज जे काम हातून होतं, त्यामागचं कारण अभ्यासात कळतं. मुलाखतीत उपयोगी पडतं ते हेच.

मुलाखतीत काय पाहतात?

कर्ज ९० दिवस थकलं की खातं एनपीए का होतं? प्राधान्य क्षेत्राला ४० टक्के आणि त्यातून शेतीला १८ टक्के कर्जाचं उद्दिष्ट असतं, मग आपल्या शाखेची स्थिती काय? असे प्रश्न येतात. अनेक वर्षं फक्त कॅशवर बसलेल्या कर्मचाऱ्याची इथे अडचण होते, कारण त्याने कर्जाची फाइल कधी उघडलेलीच नसते.

त्यामुळे काम बदलून मागणं ही तयारीच आहे. सहा महिने कर्ज विभाग, मग क्लिअरिंग, शक्य असेल तर वसुली. शाखा व्यवस्थापकाला तसं स्पष्ट सांगावं लागतं. छोट्या शाखेत हे सोपं असतं, कारण तिथे माणसं कमी आणि प्रत्येकाला सगळंच करावं लागतं.

पुढच्या टप्प्यांवर विषयाचं प्रमाणपत्रही लागतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये ट्रेझरी, जोखीम व्यवस्थापन, लेखा आणि कर्ज व्यवस्थापन या विभागांत काम करणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम ठरवायला बँकांना सांगितलं होतं.

वार्षिक अहवालात काय लिहावं?

प्रमोशनच्या गुणांत वार्षिक कामगिरी अहवालाचा वाटा असतो, अधिकारी झाल्यावर तर तो आणखी महत्त्वाचा ठरतो. त्यात स्वतःच्या कामाबद्दल लिहिण्याचा भाग अनेक जण शेवटच्या दिवशी उरकतात. "मेहनतीने काम केले" या वाक्याला गुण देणं वरिष्ठालाही कठीण जातं. "थकीत १२ खाती पाठपुरावा करून नियमित केली" असं लिहिलं, तर ते तपासता येतं. यासाठी वर्षभर एका वहीत तारखेसह नोंदी ठेवणं पुरेसं आहे.

अनेक जण प्रमोशन का टाळतात?

खरी अडचण इथे आहे. क्लार्कची बदली साधारणपणे राज्यातच होते. अधिकारी मात्र देशात कुठेही जाऊ शकतो. शिवाय अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नसतो आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची जबाबदारी त्याच्यावर असते. समजा, नाशिकच्या शाखेतली एखादी क्लार्क आहे, मुलगी दहावीत, सासूबाई आजारी आणि नवरा स्थानिक नोकरीत. तिच्यासाठी पगारातली वाढ आणि दुसऱ्या राज्यातलं दुसरं घरभाडं यांचा हिशेब वेगळाच निघतो.

अशा वेळी प्रमोशन नाकारणं म्हणजे कमीपणा नव्हे. पण निकाल लागल्यावर नकार देणं महागात पडू शकतं, कारण अनेक बँकांत त्यानंतर काही काळ पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून घरी चर्चा अर्ज भरण्याआधीच व्हायला हवी: कोणत्या वर्षी बाहेर जाणं जमेल, किती काळ, आणि मागे घर कोण सांभाळेल. पती-पत्नी एकाच ठिकाणी राहावेत यासाठी किंवा आजारपणासाठी बदली धोरणात काय तरतूद आहे, तेही आधी पाहून ठेवावं.

सुरुवात कुठून करावी?

आपल्या बँकेचं परिपत्रक वाचून पात्रतेचं वर्ष कॅलेंडरवर लिहावं. त्याआधी जेएआयआयबी पूर्ण होईल असं पाहावं, वर्षातून निदान एकदा काम बदलून घ्यावं आणि कामाच्या नोंदींची वही सुरू करावी. या वर्षी बदली जमणार नसेल, तरी यातलं काही वाया जात नाही. वेतनवाढ मिळतेच, आणि घरची अडचण सुटेल त्या वर्षी तयारी शून्यापासून करावी लागत नाही.