हलकी नौका मागे का पडली?

नौका जितकी हलकी तितकी ती पाण्यात कमी बुडते, कमी पाणी बाजूला सारते आणि वेगाने जाते. मग पुढील घटना कशी घडली?

१९६८-६९ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत झाली. ९ नौका निघाल्या. त्यांपैकी नायजेल टेटली यांची 'व्हिक्ट्रेस' प्लायवूडची, दोन्ही बाजूंना उलांड्या असलेली हलकी नौका होती. ती वेगवान ठरली. पण मे १९६९ मध्ये, प्रवास संपत आला असता, अटलांटिकमध्ये तिच्या एका उलांडीचे टोक तुटले, मुख्य नावेला भोक पडले आणि ती बुडाली. टेटली वाचले. शर्यत पूर्ण केली ती एकट्या 'सुहेली'ने, ३१२ दिवसांत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ही जड, ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती!

यामागचे एक कारण वर्गात दाखवता येते. तामलवाडीहून समुद्र दूर असला तरी पाण्याचे पिंप पुरते. एका उभट बाटलीत, ती पाण्यात सरळ उभी तरंगेल इतकी वाळू भरा व झाकण लावा. बाटली किंचित खाली दाबून सोडा आणि काही हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजा. आता वाळू वाढवून पुन्हा मोजा. जड बाटली सावकाश हेलकावते.

असे का? बाटली १ सेंटिमीटर दाबली की तिला वर ढकलणारे जादा बल दोन्ही वेळा सारखेच असते, कारण बाटलीची जाडी तीच आहे. पण न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार त्याच बलाने कमी वस्तुमानाला जास्त त्वरण मिळते. वस्तुमान निम्मे केले तर त्वरण साधारण दुप्पट होते.

हलकी नौकाही अशीच प्रत्येक लाटेसरशी झटकन उसळते व आदळते. मुख्य नाव एका लाटेवर, तर उलांडी दुसऱ्या लाटेवर असते. त्यांचे सांधे सतत पिळले जातात. महिनोन्‌महिने असे हिसके बसले की ते खिळखिळे होतात. जड नौका मंद चालते, पण हिसके कमी खाते.

मग हलकेपणा वाईट का? नाही. २०१७ साली फ्रान्स्वा गाबार यांनी अशाच तिहेरी, पण कार्बन तंतूंनी मजबूत केलेल्या नौकेतून ही प्रदक्षिणा ४३ दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली. वजन घटवताना बळकटी घटता कामा नये, एवढाच याचा अर्थ. सायकल, पूल आणि विमान यांना हा नियम कसा लागू पडतो, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.