माउस कोणाचा?

आयबीएमने २ एप्रिल १९८७ रोजी एकाच दिवशी दोन घोषणा केल्या. एक, पीएस/२ ही संगणकांची नवी मालिका. दुसरी, मायक्रोसॉफ्टच्या साथीने घडत असलेली ओएस/२ ही कार्यप्रणाली. पहिलीने माउसला स्वतःचं छोटं गोल पोर्ट दिलं, आणि ते पुढे किती तरी वर्षं जगभरच्या संगणकांच्या पाठीवर दिसत राहिलं. दुसरीने माउसपुढे एक नवाच पेच टाकला.

डॉस या जुन्या कार्यप्रणालीत कारभार सरळ होता. माउसचा छोटा ड्रायव्हर आधी चालवायचा, तो मेमरीत ठाण मांडून बसायचा. मग जो प्रोग्रॅम समोर असेल तो त्याला विचारून घ्यायचा, बाण कुठे आहे, बटण दाबलंय का. एका वेळी एकच प्रोग्रॅम, त्यामुळे माउसवर मालकी कोणाची, हा प्रश्नच उठत नसे. ओएस/२ मध्ये चार-पाच प्रोग्रॅम एकदम चालू, आणि वापरणाऱ्याचा माउसवरचा हात एकच. क्लिक झालं ते कोणासाठी? या प्रणालीत माउस बसवताना जी काही डोकेदुखी व्हायची, तिच्या मुळाशी बहुतेकदा हाच प्रश्न असायचा.

१९९२ साली ओएस/२ ची २.० आवृत्ती आली. तिथे माउसचं सगळं भवितव्य कॉन्फिग डॉट सिस या साध्या मजकुराच्या फाइलमधल्या दोन-तीन ओळींवर अवलंबून होतं. एक ओळ पॉइंटडीडी डॉट सिसची. मजकुराच्या पडद्यांवर बाण काढणं हे तिचं काम. दुसरी माउस डॉट सिसची, म्हणजे खऱ्या ड्रायव्हरची. सिरियल माउस, म्हणजे सिरियल पोर्टला जोडायचा माउस असेल तर तो कोणत्या पोर्टवर आहे, कॉम-१ की कॉम-२, हे त्याच ओळीच्या शेवटी लिहायचं. आणि ही ओळ कॉम डॉट सिसच्या ओळीच्या वर हवी, हे महत्त्वाचं. कॉम डॉट सिस हा सिरियल पोर्टांचा सर्वसाधारण ड्रायव्हर. तो आधी चढला तर माउसचं पोर्टही स्वतःकडे घेऊन बसायचा. मग सुरुवातीलाच पडद्यावर संदेश यायचा की अमुक ओळीवरचा ड्रायव्हर बसला नाही, ती ओळ सोडून दिली आहे. एंटर दाबलं की डेस्कटॉप उघडायचा, पण बाणाशिवाय. एक ओळ खालची वर केली आणि मशिन पुन्हा सुरू केलं की काम झालं. तोवर कीबोर्डवर निभवावं लागे.

सिरियल माउस हे मला त्या काळातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं यंत्र वाटतं. त्याला वेगळी वीज नसायची. पोर्टच्या इशाऱ्यांच्या तारांमधूनच तो आपल्यापुरती ऊर्जा घ्यायचा. ड्रायव्हरने त्या तारा बंद करून पुन्हा चालू केल्या की मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माउस उत्तरादाखल ‘एम’ हे एकच अक्षर पाठवायचा. एवढी त्याची ओळख. पुढे सेकंदाला १२०० बिट या वेगाने, प्रत्येक हालचालीमागे तीन बाइट. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम चाळीसेक बातम्या. त्यातही आपण कुठे आहोत हे माउस सांगतच नाही, आधीपासून किती सरकलो एवढंच सांगतो. माउस सिस्टिम्स या कंपनीची पद्धत वेगळी होती: तीन बटणं आणि पाच बाइट. अशा माउससाठी ओएस/२ मध्ये आणखी एका ड्रायव्हरची ओळ घालून माउस डॉट सिसला त्याचं नाव कळवावं लागे. काही माउसच्या पोटाखाली दोन्ही पद्धतींत अदलाबदल करणारं चिमुकलं बटणच असायचं. ते चुकून सरकलं तर सगळ्या ओळी बरोबर असूनही बाण हलायचा नाही.

इंटरप्टची, म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असं प्रोसेसरला सांगणाऱ्या इशाऱ्याची, भानगड त्याहून चिवट. आयएसए या जुन्या जोडणीच्या मशिनवर कॉम-१ आणि कॉम-३ ला चार क्रमांकाची एकच इंटरप्ट तार, कॉम-२ आणि कॉम-४ ला तीन क्रमांकाची. माउस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर, ही जोडी डॉसमध्ये चालून जायची, कारण दोघांना एकदम बोलायची वेळ क्वचित यायची. पण एका खिडकीत मोडेम फाइल उतरवतोय आणि दुसरीत तुम्ही माउस फिरवताय, अशी स्थिती आली की वाटणी मोडलीच. ओएस/२ तर असं सामायिक खातं बहुधा मान्यच करत नसे. लोक त्याला आडमुठं म्हणायचे; मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

डॉसचे जुने प्रोग्रॅम ओएस/२ च्या खिडकीत चालायचे, तेव्हा त्यांच्यासाठी व्हीमाउस डॉट सिस नावाचा आभासी माउस असे. प्रत्येक डॉस सत्राला वाटायचं, खरा माउस आपल्याचकडे आहे. पण स्वतःचा बाण स्वतः काढणारे प्रोग्रॅम आले की पडद्यावर दोन बाण दिसायचे, एक डेस्कटॉपचा, एक प्रोग्रॅमचा, आणि दोघांचा मेळ नाही. त्यासाठी त्या सत्राच्या सेटिंगमध्ये माउसचा एकाधिकार देण्याची सोय होती. तो चालू केला की खिडकीत क्लिक करताच माउस त्या प्रोग्रॅमचा, आणि कीबोर्डने सोडवून घेईपर्यंत त्याचाच.

डबल क्लिकचा वेग, डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदल, हे सगळं माउसच्या सेटिंगच्या ‘वहीत’, म्हणजे पानं असलेल्या खिडकीत, असायचं. कोणतं बटण कशासाठी, हेही तिथेच बदलता येई. वस्तू ओढायची ती उजव्या बटणाने, हे विंडोजवरून आलेल्या माणसाला काही केल्या पचत नसे.

मात्र एक गोष्ट कोणत्याच वहीत बदलता येत नव्हती. कीबोर्ड आणि माउसच्या सगळ्या घटना ओएस/२ एकाच रांगेत लावायची. त्यामागे विचार होता: एका क्लिकने खिडकी बदलू शकते, म्हणून त्यानंतर टाइप केलेलं अक्षर कोणाचं हे ठरवण्याआधी ते क्लिक निकालात निघालं पाहिजे. पण रेशनच्या रांगेत पहिलाच माणूस पिशवी शोधत थांबला की मागचे खोळंबतात, तसंच इथे होई. एखादा प्रोग्रॅम अडकला की त्याच्यामागची सगळी क्लिकं अडकायची. गंमत म्हणजे बाण मजेत हलत राहायचा, कारण तो काढणारा ड्रायव्हर या रांगेत नव्हताच. मागचे प्रोग्रॅमही आपापलं काम करत असायचे. फक्त तुमचं कोणी ऐकत नसे. १९९३ च्या विंडोज एनटीने रांगा वेगवेगळ्या केल्या. ओएस/२ ने पुढच्या दुरुस्त्यांमध्ये एवढंच केलं की प्रोग्रॅम ठरावीक वेळ गप्प बसला तर त्याला ओलांडून पुढे जाता येईल. रांग शेवटपर्यंत एकच राहिली.