कापलेला कर परत आला, तर…

सरकार कर घेते, हे आपल्याला ठाऊक आहे. घेतलेला कर सरकार कधी कधी परतही देते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आणि ज्यांना तो परत मिळतो, त्यांच्या घरी पैसे यायच्या आधीच वाटे पडलेले असतात. म्हणून आज आम्ही दोन्ही गोष्टी सांगणार आहोत. पैसे परत का येतात ते थोडक्यात, आणि आले तर त्यांचे काय करावे ते सविस्तर.

समजा, एका शेतकऱ्याची थोडी जमीन रस्त्यात गेली. मोबदला मिळाला. त्यातले १० लाख रुपये त्याने तालुक्याच्या बँकेत मुदत ठेवीत ठेवले. व्याज दर साल शेकडा ७. म्हणजे वर्षाचे व्याज ७०,००० रुपये. पण हातात आले ६३,००० च. शेतकरी चक्रावला. "आवो साहेब, सात हजार कुठं गेलं?"

बँकेच्या साहेबाने सांगितले, "कर कापला."

हे असे का झाले? एका बँकेतून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर व्याज मिळाले, की बँकेला त्यातून शेकडा १० कापून सरकारात भरावे लागतात. माणूस साठीच्या पुढचा असेल, तर ही मर्यादा १ लाख आहे. १ एप्रिल २०२५ पासून हा नियम आहे. ज्याने पॅन नंबर दिलेला नसतो, त्याचे तर शेकडा २० कापतात. हा माणूस गरीब की श्रीमंत, हे बँक पाहात नाही. ती नियमाने कापते आणि मोकळी होते.

पण आपल्या शेतकऱ्याला कर लागतो का? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. राहिले व्याजाचे ७०,०००. आणि २०२५-२६ सालापासून नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच नाही. म्हणजे त्याचे सात हजार सरकारकडे जास्तीचे गेले. ते त्याचेच आहेत. मात्र सरकार ते आपण होऊन घरी आणून देत नाही. मागावे लागतात.

मागायचे कसे? वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब सरकारला कळवायचा. याला विवरणपत्र म्हणतात. साधारणपणे ३१ जुलैच्या आत ते भरायचे. हल्ली ते संगणकावर भरतात. तालुक्याला हे काम करणारे जाणते लोक असतात. बँकेकडून कापलेल्या कराचा दाखला घ्यावा, पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेले आहेत ना, ते पाहावे, आणि आपल्याच नावाच्या खात्याचा नंबर द्यावा. भरून झाल्यावर ३० दिवसांच्या आत विवरणपत्राची खातरजमा करावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर एक आकडा येतो, तो घालून ती होते. पुष्कळांचे इथेच अडते. कागद भरला म्हणून माणूस निवांत बसतो, आणि खातरजमा न झाल्यामुळे भरलेले न भरल्यासारखे होते.

काम करणाऱ्याची फी आधी ठरवून घ्यावी. "जेवढे परत येतील त्यातले निम्मे माझे," म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. "खोटे खर्च दाखवून जास्त मिळवून देतो," म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही. खोट्या कागदावर सही आपली असते, आणि दंडही आपल्यालाच होतो.

आणखी एक. परतीचे पैसे थेट खात्यात जमा होतात. मोबाईलवर निरोप येतो, "तुमचा कर परत आला आहे, इथे दाबा, आकडा सांगा." असे दाबू नका, सांगू नका. पैसे द्यायला सरकारला तुमचा गुप्त आकडा लागत नाही. तो चोराला लागतो.

आपल्या शेतकऱ्याने हे सारे केले. जुलैत कागद गेला, ऑगस्टात पैसे आले. ७,००० मुद्दल आणि वर १७५ रुपये व्याज. सरकार महिन्याला शेकडा अर्धा रुपया देते. महिन्याचे ३५, एप्रिलपासून पाच महिन्यांचे १७५. एकूण ७,१७५ रुपये.

आता खरी गोष्ट सुरू होते.

पैसे आल्याचे कळताच थोरल्या मुलाने मोबाईलची गोष्ट काढली. "दादा, सात हजार आत्ता भरलं की अठरा हजाराचा फोन मिळतोय. बाकीचं हप्त्यानं." शेतकऱ्याच्या मनात आणखी वेगळेच. वाटेवरचा पैसा सापडल्यासारखा आलाय, तर यंदा गौरीला पाहुणेरावळे बोलावून चांगले जेवण घालावे.

त्याची बायको चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "आवं, वाटंवरचा पैसा कसा? आपल्याच ठेवीचं व्याज हाय की ते. आन् सावकाराचं काय?"

सावकाराचे म्हणजे असे. पौषात म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यावे लागले होते. रात्रीची वेळ, बँक बंद. तेव्हा गावातल्याच एकाकडून ५,००० रुपये काढले. दर महिन्याला शेकडा तीन. श्रावणापर्यंत सात महिने झाले होते. महिन्याचे १५०, सात महिन्यांचे १,०५०. देणे ६,०५० झाले होते.

शेकडा तीन ऐकायला लहान वाटतात. बँक सात घेते-देते आणि सावकार तीनच, असे म्हणणारी माणसे आम्हाला भेटली आहेत. पण बँकेचे सात वर्षाचे असतात, सावकाराचे तीन महिन्याचे. बाराने गुणले की वर्षाचे शेकडा ३६ होतात. ५,००० रुपये ठेवीत टाकले, तर वर्षाला ३५० रुपये मिळतील. तेच ५,००० सावकाराचे फिटले नाहीत, तर वर्षाला १,८०० जातील. एकीकडे ३५० मिळवायचे आणि दुसरीकडे १,८०० घालवायचे, असा व्यवहार कुणी जाणून-बुजून करील काय? पण हिशेब मांडला नाही, की हेच होते.

म्हणून परत आलेल्या पैशाला पहिली वाट महागड्या कर्जाची. हे आमचे ठाम मत आहे. सगळी कर्जे मात्र सारखी नसतात. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज घ्या. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर आपल्या राज्यात केंद्राची आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येते. असे कर्ज मुदतीच्या आधी घाईने फेडण्यात काही मिळकत नाही. मुदत चुकवू नये, एवढेच. जे कर्ज रोज रात्री वाढते, ते आधी फेडावे.

मुलाचा मोबाईल? त्याला फोन हवा, यात वावगे काही नाही. आज फोनावाचून पोरांचे अडते. पण सात हजार भरून अकरा हजारांचे नवे कर्ज घरात आणायचे, आणि जुने तसेच ठेवायचे, हा कोणता हिशेब? बापाने मुलाला सावकाराचा हिशेब पाटीवर मांडायला लावला. मुलगा बारावी झालेला. त्याने गुणाकार केला आणि गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, हे मला आधी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला बापाकडे उत्तर नव्हते. कर्ज ही गोष्ट आपण घरात लपवतो. बायकोला अर्धी सांगतो, मुलांना सांगतच नाही. आणि मग मुलांनी मागणे मागितले, की त्यांच्यावर रागावतो.

दुसऱ्या दिवशी शेतकरी आणि मुलगा दोघे जाऊन ६,०५० रुपये देऊन आले. जाताना बायकोने बजावले होते, "पावती घ्या. आन् त्यो कोरा कागद परत आणा." शेतकऱ्याने पैसे घेताना कोऱ्या कागदावर सही दिली होती. ती परत घेतल्याशिवाय कर्ज फिटले असे समजू नये. सावकारीला परवाना लागतो. २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा तसे सांगतो. बिनपरवाना सावकारी करणारा कागद देईना, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. या वेळी तशी पाळी आली नाही.

उरले १,१२५. त्यातले ४०० विवरणपत्र भरणाऱ्याचे. राहिले ७२५.

इथे नवरा-बायकोत थोडे वाजले. बायकोने बँकेत विम्याची पाटी पाहिली होती. एक विमा वर्षाला २० रुपयांचा. अपघाताने मृत्यू आला तर वारसाला २ लाख मिळतात. वय १८ ते ७० चालते. शेतात साप चावला, झाडावरून पडून माणूस गेला, तरी हा विमा लागू होतो. मात्र दवाखान्याचा कागद लागतो. दुसरा विमा वर्षाला ४३६ रुपयांचा. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. त्यात १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येते.

शेतकरी म्हणाला, "मी मरायची वाट बघतीस व्हय?"

ती म्हणाली, "तसं न्हाई. माझं बी नाव घाला."

दोघांचे दोन्ही विमे घेतले असते, तर ९१२ रुपये लागले असते. तेवढे नव्हते. शेवटी २० रुपयांचा विमा दोघांनी घेतला, आणि ४३६ चा एकट्या शेतकऱ्याने. आमच्या मते बाईचेही नाव दोन्हीकडे हवे होते. ती खुरपते, दूध घालते, घर तिच्यावरही चालते. पण पैसा तेवढाच होता, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याची पाळी, असे ठरले. हे विमे ३१ मेपर्यंतच असतात. पुढच्या वर्षाचे पैसे बँक खात्यातून आपोआप कापते. म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक हवी. शिल्लक नसली, की विमा बंद.

४७६ गेले. राहिले २४९. गौरीला लेक माहेरी येणार होती. तिच्या खणाला ते ठेवले. पाहुण्यांच्या जेवणाचे नाव कुणी काढले नाही.

एक गोष्ट मात्र राहून जाते. या माणसाची बँकेत १० लाखांची ठेव होती, आणि तो ५,००० साठी शेकडा तीनने पैसे काढायला गेला! ठेवीवर बँक कर्ज देते. ठेव मोडावी लागत नाही. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असते. शेकडा ९ धरले, तरी सात महिन्यांचे २६२ रुपये झाले असते. सावकाराने घेतले १,०५०. रात्रीच्या अडचणीत बँक उघडी नसते, हे खरे. पण दुसऱ्या आठवड्यात ठेवीवर कर्ज काढून सावकाराचे फेडता आले असते. त्याला हे कुणी सांगितले नव्हते. तुम्ही ज्याला ठेव असेल त्याला सांगा. आणि एवढी रक्कम असेल तर एकाच बँकेत ठेवू नये. बँक बुडाली, तर एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्याच ठेवीला विम्याचे संरक्षण असते, तेही व्याज धरून.

आता पुढच्या वर्षीचे पाहू. ज्याला कर लागतच नाही, त्याने दर वर्षी एप्रिलात बँकेत एक फॉर्म भरून द्यावा. "माझे उत्पन्न कराइतके नाही, म्हणून कर कापू नये," असे त्यात लिहून द्यायचे असते. १९६१ च्या कायद्यात या फॉर्माला १५ जी, आणि साठीच्या पुढच्यांसाठी १५ एच म्हणत. २०२५ च्या नव्या कायद्याबरोबर नंबर बदलले आहेत. नंबर पाठ करायची गरज नाही. "कर न कापण्याचा फॉर्म द्या," म्हटले की बँकेतल्या माणसाला कळते. पॅन कार्ड बरोबर न्यावे, आणि दिलेल्या फॉर्माची पोच शिक्क्यासकट घेऊन ठेवीच्या पावतीबरोबर ठेवावी.