चीनचा कंद आणि तंजावरच्या नोंदी

तंजावरला देशी औषधांच्या दुकानात 'परंगीपट्टै' मागा. दुकानदार आल्यासारखे गाठाळ, तांबूस-तपकिरी तुकडे पुढे करील. पुण्यात हीच वस्तू 'चोपचिनी' म्हणून मिळते. पण तिची काटेरी वेल वाढते ती चीन-जपानच्या डोंगरांत! मग हा तिचा कंद इथवर आला कसा?

एका रोगाच्या मागोमाग! 1495च्या सुमारास युरोपात उपदंशाची भयंकर साथ उसळली. 1498मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पोर्तुगीज गलबतांच्या वाटेने हा रोगही आला. आपल्या वैद्यांनी त्याला 'फिरंग' म्हटले. रोग आला पश्चिमेकडून आणि त्यावरचे औषध पूर्वेकडून! तेव्हाच्या पाऱ्याच्या उपचारांनी दात हलत, तोंडातून लाळ गळे. त्यामानाने चोपचिनी किती सौम्य!

मग तिचा बोलबाला झाला. आयुर्वेदाचार्य भावमिश्रांनी तिला आपल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात जागा दिली. गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने 1563मध्ये छापलेल्या ग्रंथात तिच्यावर लिहिले. युरोपात तर सम्राट पाचवा चार्ल्स आपल्या गाऊटवर तिचा काढा घेई आणि थोर शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने 1546मध्ये या कंदाच्या निमित्ताने अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले!

पण काढ्याने उपदंश बरा होत होता का? खरे आश्चर्य इथेच आहे. या रोगाची पहिली जखम काही आठवड्यांत आपोआप भरते. जंतू मात्र शरीरात दडून राहतात, कधी कधी वर्षानुवर्षे. काढा घ्या अथवा घेऊ नका, जखम भरणारच. श्रेय मात्र कंदाला! हा जंतू माणसाला दिसला तो थेट 1905मध्ये.

असा चकवा उलगडायचा तर प्रत्येक रोग्याची नोंद हवी. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांना (कारकीर्द 1798–1832) अशा नोंदींचे मोल कळले होते. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत.

सांधेदुखीवर वैद्य आजही चोपचिनी देतात आणि तिच्यातल्या द्रव्यांवर संशोधन चालू आहे. उपदंशावरचा खरा इलाज मात्र पेनिसिलिन. त्यासाठी काढ्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडेच जा.