रोजगार, स्वातंत्र्य, इज्जत : ट्युनिशियाच्या क्रांतीचा हिशोब

क्रांती सफल झाली की फसली, हे तिच्याच घोषणेवरून ठरवणे सर्वांत न्याय्य. ट्युनिशियाच्या रस्त्यांवर २०१०-११च्या हिवाळ्यात दुमदुमलेली घोषणा तीन मागण्यांची होती : रोजगार, स्वातंत्र्य आणि राष्ट्राची इज्जत.

ठिणगी पडली सीदी बुझीद या देशाच्या आतल्या भागातील गरीब गावात. मोहम्मद बुअझीझी हा २६ वर्षांचा तरुण हातगाडीवर फळे-भाजी विकून घर चालवी. १७ डिसेंबर २०१० रोजी त्याचा माल आणि तराजू जप्त झाला. गव्हर्नरच्या कचेरीत त्याची दाद कोणी घेतली नाही, तेव्हा त्याच कचेरीसमोर त्याने स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारीला त्याचा मृत्यू झाला. दहाच दिवसांनी, २३ वर्षे सत्तेवर असलेले अध्यक्ष बिन अली सौदी अरेबियाला पळाले.

स्वातंत्र्य आधी आले

ऑक्टोबर २०११मध्ये खुली निवडणूक झाली आणि अन्-नहदा हा पक्ष पहिला आला. २०१३मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून झाले. देश यादवीच्या काठावर पोहोचला. तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवी हक्क संघटना यांनी सर्वांना एकत्र बसवले. अन्-नहदाने सरकार सोडले. २६ जानेवारी २०१४ रोजी नवी राज्यघटना २१६पैकी २०० मतांनी मंजूर झाली. स्त्री-पुरुष समान हक्क त्यात नोंदवले गेले. या चार संस्थांना २०१५चे शांततेचे नोबेल मिळाले.

रोजगार मात्र आला नाही

सरकारे येत-जात राहिली. २०१५मध्ये बार्डो संग्रहालय आणि सूस येथील दहशतवादी हल्ल्यांनी पर्यटनाचे कंबरडे मोडले. २०१०मध्ये १३ टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी २०२१मध्ये १७ टक्क्यांच्या वर गेली. कितीतरी तरुण जीव मुठीत धरून नावेने इटलीकडे निघाले.

म्हणूनच २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा अनेकांनी रस्त्यावर आनंद साजरा केला. पुढच्या वर्षी अध्यक्षांचे अधिकार वाढवणारी नवी घटना आली आणि ५७ न्यायाधीश एका फटक्यात बडतर्फ झाले. ‘खोट्या बातम्यां’विरुद्धच्या हुकमाखाली पत्रकार, वकील तुरुंगात गेले. २०२४च्या निवडणुकीत सईद यांना सुमारे ९० टक्के मते मिळाली. पण मतदानाला शंभरातले तीसही आले नव्हते.

तिसरी मागणी

तीन दगडांच्या चुलीतला एक निखळला की भांडे कलंडते. भाकरीविना स्वातंत्र्य लोकांना पोकळ वाटले आणि ते सोडून द्यायला बरेच जण तयार झाले. पण ते गेल्यावर भाकरीही आली नाही. आणि ती मागण्याची जागा तेवढी आकसली.

राहिली इज्जत. ज्याचा तराजू हिसकावला गेला, त्याचे गाऱ्हाणे ऐकणारे दार उघडे असणे, हा तिचा साधा अर्थ. बुअझीझीला ते बंद सापडले होते. न्यायाधीशच अध्यक्षांच्या मर्जीवर असतील, तर आजच्या फेरीवाल्याने ठोठवायचे कोणते दार?