उन्हाने रापणे आणि आरोग्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाचा मोठा फायदा आणि मोठा धोका हे दोन्ही अतिनील किरणांशी, म्हणजे सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणाऱ्या, अधिक ऊर्जेच्या किरणांशी निगडित आहेत. जमिनीवर पोहोचणाऱ्या या किरणांचे दोन प्रकार मानले जातात : ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘अ’ किरण आणि २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे ‘ब’ किरण. हा भेद ध्यानात घेतला, तर पुढील समजुतींची छाननी सोपी होते.

गैरसमज : रापलेली त्वचा हे निरोगीपणाचे लक्षण आहे.

वस्तुस्थिती : रापणे ही इजा झाल्यानंतरची बचावाची धडपड असते. अतिनील किरणांनी पेशींतील डीएनएला इजा झाली, की त्वचेतील रंगपेशींना तसा संदेश मिळतो, त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात आणि ते प्रत्येक पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते. या प्रक्रियेला दोन-तीन दिवस लागत असल्यामुळे रंग दिसू लागतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. तिची बरीचशी दुरुस्ती शरीर करते. मात्र वर्षानुवर्षे राहून गेलेल्या चुका साचत जाऊन त्वचेवर अकाली सुरकुत्या पडतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

गैरसमज : एकदा रापले, की पुढे ऊन बाधत नाही.

वस्तुस्थिती : रापण्यामुळे मिळणारे संरक्षण साधारणतः ३ ते ४ एसपीएफइतके, म्हणजे त्वचा लाल होण्यास तिप्पट-चौपट ऊन लागेल एवढेच असते. पाश्चात्त्य देशांत गोरी त्वचा रापवण्यासाठी वापरले जाणारे कृत्रिम दिवेही सुरक्षित नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये अशी उपकरणे मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात घातली.

गैरसमज : ड जीवनसत्त्वासाठी सकाळचे कोवळे ऊनच सर्वोत्तम.

वस्तुस्थिती : सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून तिरपा, लांब प्रवास करावा लागतो आणि त्यात ‘ब’ किरण बहुतांशी शोषले जातात, म्हणून कोवळे ऊन खात बसणे सुखद असले, तरी त्यातून ड जीवनसत्त्व फारच थोडे मिळते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन या कामी उपयोगी पडते. बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन मात्र कोणत्याही वेळी निरुपयोगी ठरते, कारण काच ‘ब’ किरण अडवते आणि ‘अ’ किरणांचा बराच भाग आत येऊ देते.

गैरसमज : जितके अधिक ऊन, तितके अधिक ड जीवनसत्त्व.

वस्तुस्थिती : त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून प्रथम ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप बनते, परंतु ऊन लागतच राहिले, तर त्याच पूर्वरूपाचे निष्क्रिय पदार्थांत रूपांतर होऊ लागते. यामुळे उन्हातून या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, हे खरे. पण याच कारणाने ठरावीक मर्यादेनंतर लाभ थांबतो आणि डीएनएची इजा तेवढी वाढत राहते.

गैरसमज : सावळ्या त्वचेला उन्हाचा धोका नसतो.

वस्तुस्थिती : भरपूर मेलॅनिनमुळे सावळ्या त्वचेत उन्हाने होणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या त्वचेच्या तुलनेत बरेच कमी असते, पण शून्य नसते. शिवाय हेच मेलॅनिन ‘ब’ किरण शोषून घेत असल्यामुळे तेवढेच ड जीवनसत्त्व बनायला सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो, आणि म्हणूनच उन्हाच्या देशातही, विशेषतः दिवसभर घरात किंवा कचेरीत राहणाऱ्यांमध्ये, त्याची कमतरता आढळते. बालकांत ती तीव्र झाल्यास हाडे मऊ पडून मुडदूस होतो. डोळ्यांना तर त्वचेच्या रंगाचा आधार नसतोच : दीर्घकाळ अतिनील किरण सोसणे हे मोतीबिंदूचे एक कारण आहे, आणि शेतात राबणाऱ्यांना, मासेमारी करणाऱ्यांना त्याचा विशेष धोका असतो.

सारांश, ऊन टाळणे हा उपाय नव्हे आणि रापेपर्यंत उन्हात राहणे हा लाभ नव्हे. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ घेतलेले ऊन बहुतेकांना उपयोगी पडते. त्यापुढे सावली, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरचा पदर, अंगभर सुती कपडे यांचा आधार घ्यावा. ऊन पुरेसे मिळत नसेल, तर वैद्यकीय सल्ल्याने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेता येतात, आणि त्यासाठी त्वचेला इजा सोसावी लागत नाही.